तिसऱ्या सिलिंडरमधली कांडी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, ही गोष्ट मला शाळेच्या पुस्तकातून कळली नाही. ती कळली मळ्यातल्या विहिरीवर. विजेची मोटर येण्याआधी आमच्याकडे पाणी उपसायला ऑइल इंजिन होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहिरींवर डिझेल इंजिनाची धडधड हाच सकाळचा आवाज होऊन बसला. अण्णा, म्हणजे माझे वडील, लिव्हर उचलून हँडल फिरवायला लागायचे. जड चाकाला वेग आला की लिव्हर सोडायचे, आणि इंजिन एकदा अडखळून चालू पडायचं. पौषातल्या पहाटे मात्र ते हँडलला दाद द्यायचं नाही. मग अण्णा चिंधीचा बोळा काठीला गुंडाळून रॉकेलात भिजवायचे, पेटवायचे आणि हवा आत ओढली जाते त्या तोंडाशी धरायचे. दोन फेऱ्यांत इंजिन धडधडायला लागायचं. "त्याला थोडी ऊब दाखवावी लागते," असं ते म्हणायचे. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन.

कुठल्याही डिझेल इंजिनाची मूळ कल्पना हीच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग इथे त्याचं इंजिन नीट चालून दाखवलं. हवा इतकी दाबायची की ती आपसूक तापावी, आणि त्या तापल्या हवेत तेल फवारलं की ते स्वतःहून पेटावं. आजच्या मोटारीतलं डिझेल इंजिन हवेला साधारण सोळा ते अठरा पटींनी दाबतं. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर जाते, तिथे डिझेल पेटायला वेळ लागत नाही. पण भोवतीचं लोखंड आणि ॲल्युमिनियम गारठलेलं असेल, तर हवेची ती कमाई भिंतीच शोषून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एक बारीक पोलादी कांडी खुपसलेली असते. तिच्या पोटात तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून बसवलेली पूड. चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह जातो आणि काही सेकंदांत कांडीचं टोक लालभडक होतं, साडेआठशे ते हजार अंश. पुस्तकात तिला ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजात हीटर प्लग. अण्णांच्या हातातला तो पेटता बोळाच पुढे कांडीएवढा होऊन इंजिनाच्या आत जाऊन बसला, असं मला नेहमी वाटतं.

आम्ही निफाड तालुक्यातले. इथली थंडी सगळ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात येते. पाच-सहा अंशांची पहाट आमच्याकडे नवलाची नाही. त्या दिवसांत द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पण तालुका ओलांडला, आणि वर्षातले ते दीड-दोन महिने सोडले, की महाराष्ट्रात गाडीला हीटर प्लगची आठवणही येत नाही. वीस-पंचवीस अंशांच्या हवेत आताचं इंजिन प्लग मेलेले असले तरी चालू होतं. प्लग जळतो, कुणाला कळत नाही. वर्षं जातात. कांडी आणि तिच्या भोकामधल्या केसाएवढ्या फटीत काजळी शिरते, भाजते, दगडासारखी होते. वरच्या बाजूला पोलादाचे आटे ॲल्युमिनियमच्या आट्यांत आवळून बसतात. ज्याला दहा-बारा वर्षं कुणी हात लावला नाही तो प्लग काढायला जावं, आणि तो मोडावा, हे मग ठरलेलंच.

आमची गाडी २०११ सालची, चार सिलिंडरची. गेल्या डिसेंबरात ती सकाळी नीट उठेना. लांबलचक सेल्फ मारावा लागे, मग पांढरा धूर, आणि मिनिटभर इंजिन मिसिंग मारत राही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मल्टिमीटर घरात होता. चांगल्या प्लगचा रोध एका ओहमच्या आसपास येतो. पहिल्याचा आला. दुसऱ्याचा आणि चौथ्याचा काही आलाच नाही, म्हणजे आतलं वेटोळं तुटलेलं. तिसऱ्याची वायर शोधायला गेलो तर ती जागेवर नव्हती. ती दुमडून, काळ्या टेपने गुंडाळून बाजूच्या जुडग्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवली होती. टॉर्च मारून खोल पाहिलं. जिथे प्लगचं षट्कोनी डोकं असायला हवं तिथे मोडलेल्या धातूचं कडं होतं, त्यावर धुळीत मुरलेलं जुनं ग्रीस.

कधीतरी, कुठल्यातरी सर्व्हिसिंगच्या वेळी, कुणीतरी तो काढायला गेलं होतं. मोडला. मग वायर बांधली, वरचं झाकण लावलं, गाडी धुऊन दिली. आम्हाला कुणी काही बोललं नाही. गाडी तीन-चार ठिकाणी दाखवलेली होती, त्यामुळे कुणी केलं हे शोधण्यात अर्थ नव्हता. मला राग मोडण्याचा आला नाही. ती टेपची व्यवस्थित गुंडाळी बघून आला. ज्या हाताने ती इतकी नीट गुंडाळली त्याला काम येत होतं.

गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर एकच मिळालं, हेड उतरवावं लागेल. खर्च पाच आकडी, आणि गाडी आठवडाभर त्यांच्याकडे. मी घरीच करायचं ठरवलं. पैसे वाचवायचे होते हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या मोडक्या कड्याच्या खाली काय आहे ते बघायचं होतं.

पहिल्या दिवशी फक्त तेल. प्लगच्या प्रत्येक खोबणीत गंज सोडवणारं तेल मारायचं आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी गाडी चांदोरीपर्यंत नेऊन आणली, इंजिन चांगलं तापवलं, आणि गरम असतानाच पाना लावला. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम हेडमध्ये आट्यांची पकड थोडी सैल होते. आमच्या गाडीचे प्लग आठ मिलिमीटर आट्यांचे. असा प्लग बसवताना साधारण दहा न्यूटन मीटर जोर लावतात, आणि वीसला तो मोडतो. हा एवढाच मधला पट्टा. हाताने रॅचेट ओढला तर वीस कधी ओलांडले ते कळतसुद्धा नाही. मी टॉर्क पाना अठरावर लावला आणि ठरवलं, त्याने खट् केलं की थांबायचं.

पहिला प्लग पाव फेऱ्यात सुटला. चांगला होता, पण बदलायचाच होता. दुसऱ्याने खट् केलं. थांबलो. तेल, रात्र, गाडीचा फेरा, गरम इंजिन, पाना, खट्. असं चार दिवस. पाचव्या दिवशी तो अर्ध्या रेषेएवढा हलला. मग परत आवळला, परत सैल केला, तेल सोडलं, पुन्हा मागे-पुढे. आट्यांत अडकलेला काळा चुरा तेलाबरोबर वर येत होता. बाहेर पडायला त्याला पाऊण तास लागला. हातात आला तेव्हा कांडीवर काजळीची इतकी जाड साल होती की ती मूळ जाडीच्या दीडपट दिसत होती.

चौथ्याला मी मोडलं.

तो इंजिनाच्या कोपऱ्यात होता. टॉर्क पाना लांब, तिथे फिरायला जागा नव्हती. दुसरा सुटल्याच्या आनंदात मी लहान रॅचेट लावला आणि म्हटलं, हाताला अंदाज आला आहे. जोर दिला. तो वळला. मऊ, लोण्यासारखा वळला, आणि मला वाटलं सुटला. धातू तुटण्याआधी असाच मऊ पडतो. सैल झालेला आटा फिरताना हाताला किंचित खरखर लागते, तुटणारा धातू मात्र गुळगुळीत वळतो. हा फरक मी आज लिहू शकतो, तेव्हा माझ्या हाताला तो माहीत नव्हता. बारीकसा आवाज झाला आणि गोटीत षट्कोनी डोकं घेऊन रॅचेट वर आला.

अण्णा शेजारी टॉर्च धरून उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत.

"मोडला?"

"हो."

"मग आता घाई करू नको."

रात्री झोप लागली नाही. सकाळी गाडीने शाळेत जायचं होतं, आणि गाडी तशीही चालली असती. प्लग मोडला तरी त्याचे आटे आणि कांडी भोक घट्ट बंद करून ठेवतात, दाब गळत नाही. वायर दुमडायची, टेप गुंडाळायची, पट्टी बांधायची. दोन मिनिटांचं काम. पुढच्या मालकाला दहा वर्षं कळणार नाही. त्या अंधारात मला तिसऱ्या सिलिंडरचा तो अनोळखी माणूस पहिल्यांदा जवळून दिसला. त्याच्याही अंगावर असाच काटा आला असेल. समोर रांगेत पाच गाड्या असतील, वर मालक असेल, पगारातून कापून घेण्याची भीती असेल. मला निदान माझीच गाडी होती.

दुसऱ्या दिवशी ओझरला नानांकडे गेलो. ओझरला मिग विमानांसाठी १९६४ साली सुरू झालेला कारखाना आहे, आणि त्याच्या आसपासच्या गावांत असे निवृत्त कारागीर आहेत ज्यांच्या बोटांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो. नाना त्यांतले. घराच्या पडवीत त्यांचं लहान लेथ आहे. मी मोडकं डोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हात धरून तुटलेला भाग फिरवून बघितला.

"हे पिळून तुटलंय. आत सरळ बसलेलं आहे का वाकडं?"

"सरळ असावं."

"असावं म्हणून ड्रिल मारायचं नाही. ड्रिलला रस्ता दाखवणारं काहीतरी हवं."

त्यांनी पितळेच्या सळईतून एक बुश कातून दिली. बाहेरून ती प्लगच्या खोबणीत हलक्या हाताने सरकेल एवढी, आणि मधून बरोब्बर चार मिलिमीटरचं भोक. मग दुसरी, सहाच्या भोकाची. तिसरी, सातची. पितळ का, तर ते ॲल्युमिनियमला ओरबाडत नाही. बुश खोबणीत गेली की ड्रिलचं टोक दुसरीकडे जाऊच शकत नाही, प्लगच्या मध्यावरच उतरतं. तीनही बुशा त्यांनी तेलाच्या कपड्यात गुंडाळून दिल्या, पैसे घेतले नाहीत, आणि एक गोष्ट बजावली: "खाली जिथे आटे संपतात तिथे प्लगची बैठक आहे. तिला ड्रिल लागला तर हेड गेलं. बिटाला आधी पट्टी लाव, तिथे थांब."

ती बैठक म्हणजे निमुळता उतार. प्लगचा खांदा तिच्यावर टेकतो आणि सिलिंडरचा सगळा दाब तिथेच अडतो. जुन्या प्लगवरून माप घेऊन मी प्रत्येक बिटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली.

रविवारी कामाला लागलो. आधी मधली दांडी, जिच्यातून प्रवाह जातो, ती लांब चोचीच्या पकडीने हळूहळू हलवून उपसली. मग चारची बुश. बिटाला ग्रीस फासलं, कारण ग्रीसला कीस चिकटून वर येतो, खाली पडत नाही. ड्रिल सगळ्यांत कमी वेगावर. दोन मिलिमीटर गेलं की बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. अण्णांनी मांडीवर पांढरा रुमाल पसरला होता. मी प्रत्येक वेळी बिट त्यावर पुसायचो आणि ते भिंग घेऊन कीस बघायचे. पोलादाचा कीस करडा असतो, त्याला बारीक पीळ असतो. ॲल्युमिनियमचा पांढराशुभ्र, मऊ, चांदीच्या वर्खासारखा. रुमालावर पांढरं काही दिसलं तर त्याच क्षणी थांबायचं, ड्रिल हेडमध्ये शिरायला लागलेला आहे.

"करडा," अण्णा म्हणायचे. मी पुढे जायचो. "करडा." "करडा." दोन तास तिथे दुसरा शब्द नव्हता.

सातचा बिट पट्टीपर्यंत पोचला तेव्हा प्लगच्या अंगाचं फक्त पापुद्र्याएवढं कवच आट्यांना चिकटून उरलं. त्यात टॅप उतरवला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. कवच सुटून आलं ते स्प्रिंगसारखं, अखंड तीन वेटोळी. खालचे ॲल्युमिनियमचे आटे जसेच्या तसे होते. मी ते अण्णांना टॉर्चच्या उजेडात दाखवले. त्यांना दिसले की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली.

आता कांडी. ती काजळीत घट्ट रुतलेली, आणि एका अर्थाने तेच बरं, कारण ती आहे तोवर कीस सिलिंडरमध्ये पडू शकत नाही. खोबण ग्रीस लावलेल्या कापसाने चार वेळा पुसली. कांडीच्या माथ्यावर बारीक भोक पाडून तीन मिलिमीटरचे आटे पाडले, त्यात नानांनी दिलेली सळई फिरवून बसवली. सळईवर एक जड लोखंडी कडं वर-खाली सरकतं, वर जाऊन टोपीवर आदळतं. त्याला जोर लागत नाही, शेकडो हलक्या ठोक्यांची सवय लागते. चाळीसाव्या की पन्नासाव्या ठोक्याला आवाज बदलला. टण् होता तो टक् झाला. अण्णांनीच आधी ओळखलं: "आली."

चौथी आली. तिसरीला आणखी दोन रविवार गेले, कारण त्या अनोळखी माणसानेही कधीतरी ड्रिल मारून बघितला होता, आणि तो तिरका गेलेला होता. तिरक्या भोकात सरळ बिट धरत नाही. नानांनी आणखी एक बुश केली, आणि मी जुन्या भोकाची एक बाजू कानशीने घासावी तसं हळूहळू सरळ करत नेलं. एकदा रुमालावर पांढरी चमक आली. अण्णा एवढंच म्हणाले, "पांढरा," आणि मी त्या दिवशी काम बंद केलं. एका ठिकाणी अर्ध्या आट्याला खरचटलं आहे. बाकीचे धरतात.

शेवटी इंजेक्टरच्या वायरी काढून ठेवल्या, भोकांवर सैल फडकं धरून ठेवलं, आणि मुलीला चावी फिरवायला सांगितलं. आतल्या हवेने काजळीचे कपटे फडक्यावर आणून टाकले. मोबाइलला जोडायचा सुईएवढा कॅमेरा आत सोडला तेव्हा पिस्टनचं डोकं दिसलं, करडं, कोरडं, त्यावर काही पडलेलं नाही. मला ते बघून विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटलं. भोकं रीमरने साफ केली, नव्या प्लगच्या आट्यांना आणि अंगाला उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, टोकाला नाही, आणि चारही प्लग दहा न्यूटन मीटरवर बसवले. चौथ्यासाठी मी टॉर्क पान्याला सांधा आणला. जागा होती, आधी शोधली नव्हती एवढंच.

मकरसंक्रांतीच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला, बागांत शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला असताना, चावी फिरवली. डॅशबोर्डवरचं पिवळं वेटोळं उजळलं, विझलं. सेल्फ एकदा. गाडी चालू. धूर नाही. अण्णा शाल पांघरून दारात उभे होते, ते आत चहा ठेवायला सांगायला गेले.

मोडलेले दोन प्लग मी नानांच्या पितळी बुशांसोबत डब्यात ठेवले आहेत, आणि त्या दोन्ही सिलिंडरचं काय झालं ते तारखेसह गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवलं आहे. तिसऱ्यातल्या खरचटलेल्या आट्यासकट. गाडी विकेन तेव्हा ते पान घेणाऱ्याला दाखवीन.

जे भाऊ गॅरेजात काम करतात त्यांना माझी एवढीच विनंती आहे. प्लग मोडतो. चांगल्या हातूनही मोडतो. मोडला तर टेप लावायच्या आधी गाडीच्या मालकाला बोलवा आणि त्याला दाखवा.